पिठाच्या चिमण्या

कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा आई मला घेऊन अकोटला सरकी काढायच्या कामावर आली. तिथे एक बाई मजुरांची पोरं सांभाळायची. ती आम्हाला ज्वारीच्या पिठाच्या चिमण्या करायला शिकवी. सरकीचे डोळे लावून आम्ही त्या निखाऱ्यांवर भाजायचो. माझ्याशेजारी ती रोज एक गोळा जास्त ठेवायची.

"हा कोनाचा?" मी विचारलं.

"तुया भावाचा."

मला भाऊ नव्हता. घरी सांगताच आईने मला तेच पुन्हा सांगायला लावलं. माझ्याआधी तिचा एक मुलगा गेला होता. अकोटात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई काम टाकून तिथे बसली आणि त्या गोळ्याची चिमणी करू लागली. बाई माझ्याशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, "जराशी लहान कर वं माय. त्याचा हात लहान हाये."

आईने चिमणी मोडली आणि पुन्हा, लहान केली.