सतरा रिकामे चौकोन

हरिश्चंद्र म्हात्रे. आमच्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात सगळे त्यांना हरीदादा म्हणायचे. आज खांदेश्वरला माझा फ्लॅट आहे, दारावरच्या पाटीवर नावापुढे बी.ए. लिहिलेलं आहे. आमच्या घराण्यात असं लिहिणारा मी पहिला. हे ज्या एका माणसामुळे झालं, तो हा. हे मी सोसायटीच्या कार्यक्रमातही सांगितलंय, मुलीच्या शाळेतही. लोक टाळ्या वाजवतात. पण पुढचं जे आहे ते मी कुठेच बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही.

कुठून सुरुवात करू? कामापासून करतो. ते सांगणं सोपं आहे.

हरीदादा व्हॉल्व्हमन होते. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये पाण्याचे व्हॉल्व्ह असतात; कमरेएवढी लोखंडी चावी घालून ते फिरवायचे, म्हणजे ठरल्या वेळी ठरल्या भागात पाणी जातं. खाडीकाठच्या जुन्या गावातले ते. गावाची भातशेती शहराखाली गेली, त्यांना ही नोकरी मिळाली. कुठली लाईन कुठल्या बांधाखालून गेली आहे हे त्यांना पाठ होतं, कारण तो बांध त्यांनी पाहिलेला होता. मी सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावातून आलेलो, रोजंदारीवर मीटर वाचणारा. पिशवीत सतत पुस्तक, म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. चावीचं एक टोक पाइपला टेकवून दुसरं कानाला लावायचे आणि हाक मारायचे, "मास्तर, इकडं ये. आयक. पानी गलत असला ना, का ते कुजबुजतं." मला गळती नाही, फक्त रस्त्यावरचे कंटेनरचे ट्रक ऐकू यायचे. "तुज्या कानात पुस्तकं भरलीत," म्हणून हसायचे.

शेवटच्या वर्षाचे सहा पेपर आले तेव्हा मला सुट्टी मिळेना. रोजंदारीवाल्याला कसली सुट्टी? दादा म्हणाले, "तू पेपर लिही. तुजी लाईन मी करतो." आपला भाग उरकून, उन्हातान्हात, ते माझी मीटरं वाचत फिरले. साहेबांनी विचारलं की सांगायचे, "पोरगा फिल्डवर हाय." सहा दिवस मी परीक्षेच्या बाकावर होतो आणि हजेरीपटावर हजर होतो. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पदवी मिळाली, त्याच कार्यालयात लिपिक म्हणून कायम झालो. हजेरीपट माझ्याच ताब्यात आला. तो कसा चालायचा ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. व्हॉल्व्हमन पहाटे घरून थेट चेंबरवर जायचे. सही करायला कार्यालयात यायचे दुपारी, आणि गळती निघाली तर येतच नसत. त्या दिवसाचा चौकोन रिकामा राहायचा. तिमाही संपली की मी 'चावीची वही' उघडायचो. कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडला, किती वाजता बंद केला, ते व्हॉल्व्हमन त्यात लिहीत. ती पाहून रिकाम्या चौकोनात 'फि.' लिहायचं. फि. म्हणजे फिल्डवर. नियमात बसत नव्हतं, पण काम असंच चालायचं.

मग आमच्या भागाचं पाणी खासगी ठेकेदाराकडे द्यायचं ठरू लागलं.

मी याच्या विरोधात नव्हतो. हे आधी मान्य करतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मला कुणीतरी भाग पाडलं. मला खरंच पटलं होतं. सेक्टरातल्या बायका एका तक्रारीसाठी तीन टेबलं फिरायच्या. आमच्यातले दोघे व्हॉल्व्हमन चहाच्या टपरीवरच ड्युटी करायचे, वर पुढाऱ्याचा माणूस म्हणून मिरवायचे. आणि आज बघा, माझ्या सोसायटीत फोनवर तक्रार टाकली की संध्याकाळपर्यंत गाडी येते. हे खोटं कसं म्हणू? आणि त्याच वेळी जुन्या गावाच्या शेवटच्या आळीत नळाला करंगळीएवढी धार येते. ठेकेदाराचा माणूस येतो, नळाचा फोटो काढतो, 'निराकरण झाले' असा मेसेज जातो. सुपरवायझर दर काही महिन्यांनी नवा. ज्यांच्याकडे मेसेज वाचायला कुणी नाही, त्यांची तक्रारच उरत नाही. हेही खोटं कसं म्हणू?

दोन्ही बाजू जशा होत्या तशा मांडता आल्या असत्या. ठेक्याची बाजू माझ्या खोट्यावाचून लंगडी पडत नव्हती. मग मी ते का केलं?

साहेब म्हणाले होते, "ठेक्याच्या अहवालात नुसतं 'कर्मचारी वेळेवर येत नाहीत' असं नको. एखादं नाव दाखवा. तीन महिन्यांचा पट काढा." मी पट काढला. टपरीवाल्या दोघांच्या नावापुढे भरपूर जागा होती. पण ते दोघे भांडले असते. युनियन आली असती, पुढाऱ्याचा फोन आला असता. माझी कायम नोकरी अजून कोवळी होती. आणि हरीदादांचे सतरा चौकोन रिकामे होते. त्या तिमाहीत लाईन जुनी झालेली, गळत्या फार — ते दिवस दिवस खड्ड्यात उभे असायचे. चावीची वही समोर होती. मी ती उघडली. सतराच्या सतरा दिवसांवर त्यांचं वाकडं अक्षर होतं. मी वही मिटली आणि लाल शाईने सतरा वेळा 'गै.' लिहिलं. गैरहजर.

पाहून लिहिलं. न पाहता नाही.

गावाचा ठेक्याला विरोध होता. समाजमंदिरात बैठक झाली. साहेबांनी अहवालातून वाचलं, "तुमच्याच गावचा माणूस तीन महिन्यांत सतरा दिवस गैरहजर. मग पाणी येणार कसं?" तिसऱ्या रांगेतून दादांनी माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे नाही. मास्तर सांगेल, असं ते बघणं होतं. मी माइकची वायर सरळ करत होतो. ती सरळच होती. मागून कुणीतरी ओरडलं, "काय हरीदादा, आज तरी हजर हायस ना?" लोक हसले. विरोध त्या हसण्यातच संपला. नाव मात्र चिकटलं. गावात ते 'गैरहजर' झाले.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं असंच वाटून घ्यायला बरं वाटलं. पण नाही.

आठवड्याने त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. ती घेऊन ते माझ्याच टेबलापाशी आले. दुसऱ्या कुणाकडे जाणार? "मास्तर, उत्तर लिवून दे. तुजं अक्षर बरं हाय." तेव्हा वही माझ्या खणात होती, हाताच्या अंतरावर. ती जोडली असती तर एका ओळीत विषय संपला असता. आणि पटावरचं लाल अक्षर कुणाचं, हेही विचारलं गेलं असतं. मी कागद घेतला. लिहिलं — 'सदर दिवशी मी गैरहजर होतो, ही चूक मला मान्य आहे. पुन्हा असे होणार नाही.'

"काय लिवलंस?"

"माफी मागितली की प्रकरण मिटतं, दादा."

त्यांनी कागदावरच्या ओळीवर बोट ठेवलं. "पन मी तर होतो ना रं."

मी पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

"तू शिकलेला. तू म्हनतोस तर बरोबरच असंल." आणि सही केली. वर मला चहा पाजला.

प्रकरण मिटलं नाही. सेवापुस्तकात शेरा पडला. चावी काढून घेतली, आणि निवृत्तीपर्यंत त्यांना कार्यालयाच्या फाटकाशी स्टुलावर बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवायला. वही मी घरी नेली, माझ्या जुन्या पुस्तकांखाली ठेवली. फेकली का नाही? माहीत नाही. फेकवली नाही, एवढंच.

मागच्या महिन्यात गावाची जुनी लाईन फुटली. ठेकेदाराच्या इंजिनिअरला व्हॉल्व्ह सापडेना. मी म्हटलं, निवृत्त हरीदादांना विचारा, ते जासईला लेकीकडे असतात. तो पंचविशीतला मुलगा, दादांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही, हसून म्हणाला, "कोण, तो गैरहजरवाला?"

त्या दुपारी मी पत्र लिहिलं. एक प्रत वहीसह कार्यालयात दिली, पोच घेतली. दुसरी जासईला पाठवली. ती अशी —

'हरीदादा,

समाजमंदिरात वाचलेले सतरा दिवस पटावर मी लिहिले होते. माझ्या हाताने, लाल शाईने. तुमची चावीची वही तेव्हा माझ्यासमोर होती. त्या प्रत्येक दिवशी कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडला ते तुम्ही लिहिलं आहे, आणि पटावर लिहिण्यापूर्वी मी ते वाचलं होतं. नोटिशीचं उत्तर मी खोटं लिहिलं आणि त्यावर तुमची सही घेतली. मला वाचवायला. तुम्हाला नाही.

वही आज कार्यालयात जमा केली आहे. सोबत हे सगळं माझ्या सहीने लेखी दिलं आहे. वहीच्या त्या पानांच्या झेरॉक्स या पत्राला जोडल्या आहेत. त्या तुमच्या आहेत.

माझ्या परीक्षेचे सहा दिवस मी गैरहजर होतो. ते सतरा दिवस तुम्ही हजर होता.

सुधाकर भोसले, लिपिक'