ऐंशीच्या पुढची थरथर

आमच्या दुकानामागं दोन गोष्टी साठत जातात, झिजलेले टायर आणि किस्से. टायर भंगारवाला घेऊन जातो. किस्से कुणी नेत नाही, म्हणून ते मी चहा पिता पिता मोकळे करतो. आज तुम्ही सापडलात, बसा.

दुकान नांदेड-लातूर रोडवर, व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचं. कॉम्प्युटर मी बघतो, चाकं गफारभाई बघतात. पार्टनरशिप जुनी, भांडणंही जुनीच. आमच्याकडं जास्त करून येतात पिकअप, आणि तक्रार ठरलेली: गावात गाडी एकदम मख्खन, हायवेला ऐंशीच्या पुढं गेली की स्टेअरिंग थरथरतं. निम्मा दोष चाकात असतो. उरलेला गिऱ्हाइकाच्या सांगण्यात.

*

उदगीरचे एक शेठ पुरावा म्हणून व्हिडिओच घेऊन आले. ड्रायव्हर गाडी चालवतोय आणि शेठ शेजारी बसून स्टेअरिंगचं शूटिंग करतायत. व्हिडिओत स्टेअरिंग थरथरत होतं, डॅशबोर्डवरचा नंदी थरथरत होता, काचेबाहेरची बाभळसुद्धा थरथरत होती.

गफारभाईंनी दोनदा बघितला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "शेठ, गाडीचं नंतर बघू. आधी मोबाईलचं बॅलन्सिंग करून घेऊ."

शेठ रागावले. तपासलं तर पुढचा एक रिम खरंच वाकडा निघाला, तेव्हा कुठं निवळले. आता दुकानात आले की आधी मोबाईल टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "हा ठीक हाय. गाडी बघा."

*

जळकोटच्या एका गुरुजींनी रिटायर झाल्यावर शेतमालासाठी पिकअप घेतली. मी विचारलं, "गुरुजी, नेमकी किती स्पीडला थरथरते?"

"ऐंशीला."

"तुम्ही ऐंशीनं चालवता?"

"छे हो! मी पन्नासच्या वर जन्मात गेलो नाही. पुतण्या चालवतो, तो सांगतो."

चाकं मशीनवर चढवली. काहीच दोष नाही. शेवटी टेस्टला निघालो, मी चालवायला आणि गुरुजी शेजारी. साठपर्यंत ठीक होतं. सत्तरच्या पुढं स्टेअरिंग चांगलंच थरथरायला लागलं. मी म्हटलं, "गुरुजी, हात काढा."

"कुठला?"

"स्टेअरिंगवरचा."

भीतीनं त्यांनी कधी स्टेअरिंग धरलं, त्यांचं त्यांना माहीत नव्हतं. हात काढला आणि थरथर गेली. पुतण्याच्या शेजारीही ते असेच बसत होते. येताना मात्र सबंध रस्ताभर गुरुजी हाताची घडी घालून बसले.

*

निलंग्याच्या एका गड्यानं दसऱ्याला पिकअप धुतली, पुसली, रिमला चंदेरी रंग मारला. रंग मारताना रिमच्या कडेला शिशाचे छोटे तुकडे दिसले. चाकाचा तोल राखायला लावलेली वजनं ती! यानं कचरा समजून सगळी उपटली. दुसऱ्या दिवसापासून स्टेअरिंग नाचायला लागलं. घरच्यांचं म्हणणं, गाडीला नजर लागली. मग लिंबू-मिरची झाली, काळी बाहुली झाली, घोड्याची नाल झाली. सगळं करून थकल्यावर स्वारी आमच्याकडं आली.

गफारभाईंनी विचारलं, "वजनं कुठं हायत?"

"मेव्हण्याला आवडली. त्यानं त्याच्या गाडीला लावली."

"मग?"

"त्याची बी थरथरून राहिली की."

*

आता संतोषचं सांगतो.

संतोष लोह्याच्या अलीकडच्या एका खेड्यातला. भाजी भरून नांदेडला, कधी लातूरला न्यायचा. बाजारात पहिली गाडी आपलीच लागली पाहिजे, हा त्याचा हट्ट. त्यापायी मागच्या पावसाळ्यात पिकअपसकट उसात शिरला होता. "उसानं झेललं बगा," असं तो हसत सांगायचा. आमच्याकडं पहिल्यांदा आला तेव्हा त्याची आई सोबत होती, नांदेडला डोळे दाखवायला निघालेली. उसाचं ऐकून ती हसली नाही. एकुलता एक पोरगा, ती कशाला हसेल?

गफारभाईंनी पुढचं चाक काढलं. रिमच्या आत काळी माती वाळून दगड झाली होती. आपली माती कशी असते माहीत आहे, धरलं की सोडत नाही. गफारभाईंनी खरवडून काढली आणि संतोषला समजावलं, "एका अंगाला एवढी माती बसली की चाक लंगडं फिरतं. गावात कळत न्हाई. हायवेला स्टेअरिंग हातात नाचतं."

बाकावरून त्याच्या आईनं विचारलं, "आन् नाचायलं की ह्यो काय करतोय?"

"काय करणार माय, ऐंशीच्या आत येतो," संतोष म्हणाला.

म्हातारीनं चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

पंधरा-वीस दिवसांनी संतोष परत हजर. तीच थरथर, तीच माती. साफ करून दिली. पुन्हा आला. पाऊस जाऊन महिने झाले, भर एप्रिल आला, शेतात ढेकळं फुटून राहिली होती आणि याच्या रिममध्ये चिखल! गफारभाई म्हणाले, "अरे बाबा, ह्या उन्हात तू चिखल कुठून आणून राहिला?" संतोषला काय ठाऊक? तो लोह्याच्या स्टँडवर सांगत सुटला की ह्यांचं बॅलन्सिंग पंधरा दिवसबी टिकत न्हाई. ओळखीच्या दोन-तीन गाड्या आमच्याकडं यायच्या बंद झाल्या. गफारभाईंना ते फार लागलं. आयुष्यभर ज्या हातानं कमावलं, त्या हातालाच लोक नावं ठेवायला लागले होते.

पुढच्या खेपेला त्यांनी माती खरवडली नाही. ढेकूळ अलगद काढून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मातीत गव्हाचा भुसा होता, चूल लिंपायला मळतात तसा. वर बोटं ओढल्याच्या खुणा होत्या. बाईमाणसाची बारीक बोटं.

मग गफारभाई संतोषला म्हणाले, "ह्या वेळी काम मोठं हाय. उद्या ये, आन् आईला घेऊन ये. टेस्टला घरचं माणूस लागतं." असला काही नियम नाही. पण गफारभाईंनी सांगितलं की लोक ऐकतात.

दुसऱ्या दिवशी मायलेक आले. संतोषला समोरच्या हॉटेलात नाश्त्याला पिटाळलं. गफारभाई म्हातारीसमोर स्टूल घेऊन बसले आणि हळूच विचारलं, "मावशी, माती तुमी लावता?"

ती घाबरेल असं मला वाटलं होतं. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "भुसा कमी पडून राहिला काय? वाटंत गळती का ती?"

मला हसू आलं. गफारभाईंनी नीट समजावलं, की मावशी, अशानं टायर एका अंगानं झिजतं, वाया जातं.

"टायर दुकानात भेटतंय," ती म्हणाली.

गफारभाईंनी स्टूल आणखी पुढं ओढलं.

मग तीच म्हणाली, "माती नको आसंल तर तुमीच कायतरी पक्कं बसवून द्या. माजे डोळे बी आता चालंनात. वाकून लिंपाया लई जड जातंय."

तीस वर्षं थरथर काढणारा माणूस माझा पार्टनर. त्याच्याकडं थरथर बसवून मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. चेष्टेवारी न्यावं म्हणून त्यांनी विचारलं, "बरं मावशी, कितीला थरथरली पाहिजे?"

"तुमच्या लेकराला कितीला लावली आसती?"

गफारभाईंचा धाकटा हैदराबादच्या रोडला टेम्पो चालवतो. ते तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. गफारभाई उठले, शिशाच्या वजनांचा डबा उघडला आणि चाकाजवळ जाऊन बसले. मी कॉम्प्युटरकडं तोंड केलं.

तेवढ्यात संतोष मिशा पुसत आला. "झालं का भाई? आता जाईल का शंभरच्या पुढं?"

गफारभाईंनी हातोडी मारता मारता मान वर केली नाही.

"आईला विचार."