लीलाताईसाठी बड्या दिनाचं पुस्तक

माह्या बहिणीनं दात आवळले ते आवळलेच. दिवाळीनंतर तिले लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ गेली, ते सारं आम्ही सोसलं. पण मंग तिनं खाणंच सोडलं. चमचा ओठाले लागला का मान फिरवे. डॉक्टर म्हणे, "घसा चांगला आहे, गिळता येते. त्यायच्या मनानंच घेतलं आहे. बड्या दिनापर्यंत पाहू, नाही तर नाकातून नळी टाका लागन." आमच्या इकडे नाताळाले बडा दिनच म्हणतात. भरवेलीच्या त्या घरात खिळ्याले सलाईन टांगून मी अन् माहे भाऊजी डोमाजी तिच्या तोंडाकडे पाहत बसत होतो. मी लामत्याहून चार दिवसांसाठी म्हणून आलती.

लीलाताई म्हणजे बालाघाटच्या एका मिशनच्या दवाखान्यात लेकरायच्या वार्डातली आया. शाळा दुसरीपर्यंत, पण डिसेंबर लागला का वार्डात कागदाचे तारे लागत अन् तिच्या हातात एक फाटकं चित्रायचं पुस्तक येई. उडणारं हरीण, बर्फातली परी, बोलणारं पांढरं अस्वल. ती गोष्ट सांगे तवा लेकरं असे चिल्लावत का डॉक्टर येऊन दटावत. तिच्या पोटी लेकरू नाही झालं. तो वार्डच तिचं घर होतं माय.

भाऊजी खाणीतून रिटायर झालेले. बोलणं कमी, हट्ट जास्त. त्यायनं मनाशी ठरवलं का ते पुस्तक वाचलं तर लीला तोंड उघडते. बुडत्याले काडीचा आधार! दवाखान्यात गेले, तर ते पुस्तक कवाचंच वाळवीनं खाल्लं म्हणे. मंग दुसरं शोधणं सुरू झालं. बालाघाटात पाहावं तिकडं भरतीच्या परीक्षेचे गाईड अन् चालिसा. एक हिंदीतलं भेटलं, जादूगाराचं. ताईनं डोळे मिटून घेतले. मंग भाऊजी गोंदियाले गेले. दुकानातल्या पोरीनं इचारलं, "काका, नात किती वर्षांची आहे?"

"बायको आहे," भाऊजी म्हणाले. "साठ वर्षांची."

त्या पोरीनं बिचारीनं मंग न हसता समदी पुस्तकं काढून देल्ली. भाऊजींनं त्यातली तीन निवडली, सारी मराठीतली. एकावर चांदीचा चुरा लावलेलं हरीण, एकात घंटा वाजल्या का जिवंत होणारे खेळणे, अन् एकात पांढरं अस्वल. अस्वलाचं पाहून मलेही वाटलं का हे लागू पडते.

पण वाचणं पाहा त्यायचं! आंघोळ करून, उदबत्ती लावून, पाटावर बसून. जशी पोथीच. एक अक्षर चुकलं का पान पहिल्यापासून. "हिमाच्छादित शिखरांवर चांदणे पाझरत होते..." ताईनं भिंतीकडं तोंड केलं.

"अहो भाऊजी, हिमाच्छादित म्हणजे काय ते मले कळत नाही, तिले काय कळन?" मी भडकली. "नाकापेक्षा मोती जड!"

"जसं लिवलं तसंच वाचा लागते, पुष्पा. चुकलं का गुण जाते."

असं तिन्ही पुस्तकायचं पारायण झालं. पालथ्या घड्यावर पाणी. इकडं ताईच्या गालाचे हाडं वर आले. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडे अन् पुन्हा पेज गरम करून आणे.

बड्या दिनाच्या आदल्या दिवशी दुपारी भाऊजींनं पुस्तक खाली ठेवलं अन् तिच्या पायापाशी बसले. "लीला, तूच सांग ना वं, कोणतं आणू? नागपूरले जातो, जबलपूरले जातो. उद्या ते नळी टाकतात तुले." अन् तो खाणीतला माणूस हमसून हमसून रडला. मी त्यायले कधी रडताना पाह्यलं नव्हतं. माह्यानं पाहवेना.

मंग चष्मा न पुसताच त्यायनं अस्वलाचं पुस्तक उघडलं. डोळ्यात पाणी, मधली ओळच सुटली. परी राहून गेली अन् अस्वलच पंख पसरून झाडावर बसलं.

ताईनं मान वळवली. "अं... ना," तिच्या गळ्यातून निघालं.

"चुकलं, चुकलं!" भाऊजींनं कान धरले अन् पान पहिल्यापासून लावलं, एकदम बरोब्बर. ताई पुन्हा भिंतीकडं.

अव माय व! मले तवा तो वार्ड आठवला. मी एकदा तिचा डबा घेऊन गेलती. कडू औषध घेत नव्हते लेकरं. ताई पुस्तक धरून म्हणे, "हरणाले दोन शेपट्या होत्या." लेकरं चिल्लावले, "नाही!" अन् तोंड उघडलं का चमचा आत.

मी पेजेची वाटी उचलली. "भाऊजी, चुकीचं वाचा!"

"बह्याड झाली का तू? गोष्ट बाटवतं?"

"मरो ते पुस्तक! बहीण मरून राह्यली माही! चुकीचं सांगा म्हणतो ना!"

त्यायले चुकीचं सांगताच येईना. "अस्वल... पांढरं अस्वल होतं."

"हौ, मंग?"

"त्याले... त्याले सोंड होती."

ताईचा जबडा हालला. "ना—"

मी चमचा आत घातला.

तिनं पेज तोंडात धरून ठेवली. आता थुंकते, म्हणून मी पदर तिच्या हनुवटीखाली धरला. मंग तिचा गळा हालला. खाली गेली पेज. ताई माह्याकडं पाहत राह्यली, मंग हातातल्या चमच्याकडं, अन् तिले समजलं. तिचीच विद्या तिच्यावर चालवली होती आम्ही. तिच्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. तोंड वाकडं करून, सारा जोर लावून ती बोलली.

"चो... ट्टे."

भाऊजींनं पुस्तक मिटून बाजूले ठेवलं.

"अन् त्याले सहा पाय होते," ते रडत रडत म्हणाले, अन् मी दुसरा चमचा भरला.