भर उन्हात सोलर बंद का पडलं?

मंडळी, आज आमच्या सायवन गावात दुपारी लाईट गेली आणि छतावरचं नवं सोलरही बंद! बसवणाऱ्याला फोन लावून मी चिडलोच, "ऊन काय कमी आहे का?"

"बाहेर खांबावर कोणी आहे का बघा," तो म्हणाला.

गावचे वायरमन, आमचे किसनमामा, तारेला हात लावून काम करत होते. लाईट गेली की सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो; तो चालू राहिला असता तर आमचीच वीज तारेतून उलटी त्यांच्या हातात गेली असती.

मामा उतरले, लाईट आली, तरी इन्व्हर्टर गप्पच. "लाईनशी ताल जुळला की जोडला जाईल," फोनवरून उत्तर आलं.

आई हसली. "तारप्याच्या सुरावर नाचतानाही आधी बाकीच्यांचे पाय बघतात, मगच हात धरतात ना?"

तेवढ्यात हिरवा दिवा लागला.

मामांना चहा देताना त्यांच्या हातांकडेच बघत राहिलो. हा इन्व्हर्टर बनवणाऱ्याला आमचे मामा कुठून हो ठाऊक?