दारातून मारलेली हाक

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. दादाचा आवाज इतका सपाट होता की मला आधी वाटलं, दवाखान्यातली लाइट गेली असेल आणि त्याला वायरमनचा नंबर हवा असेल. 'ती गेली गं,' तो म्हणाला, 'खुर्चीतच.' दुपारी, एक पेशंट जाऊन दुसरी आत यायच्या मधे. बाहेर बाकावर एक मुलगी आपल्या नंबराची वाट बघत होती, तिला बराच वेळ काही कळलंच नाही. आता महिना उलटून गेलाय. तू लिही, असं दादा सारखा म्हणतो, म्हणून लिहायला घेतलं. पण सगळं लिहिता येणार नाही. काही नावं मी बदलली आहेत आणि काही गावं गाळली आहेत, कारण ज्यांच्यामुळे ती गाळावी लागतात ती माणसं अजून हिंडतफिरत आहेत.

वहिनी मानसोपचाराच्या डॉक्टर. आमच्या आईला हे लोकांना सांगायची मोठी पंचाईत व्हायची. 'डोक्याची डॉक्टर आहे' एवढंच ती म्हणायची आणि शेजारणी अर्धशिशीवर औषध मागायला यायच्या. औरंगपुऱ्यात एका बांगड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, त्यांनी दवाखाना थाटला तेव्हा आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली होती. त्यांनी जागा मुद्दाम तीच धरली होती. बायका घरून बांगड्या भरायला म्हणून निघायच्या, जिना चढून वहिनींपुढे तासभर रडायच्या आणि उतरताना खरोखरच बांगड्या भरून घरी जायच्या. खालचे चाचा हसायचे, 'डॉक्टरनी है तो मेरी दुकान है.' वहिनींना त्यातली गंमत कळायची आणि त्यामागचं भयही. बाईला रडायलासुद्धा निमित्त लागतं, याचा त्यांना फार राग यायचा.

त्यांची एक पद्धत होती. नवी बाई आली की तिचं कागदावरचं नाव त्या एकदाच वाचायच्या आणि मग विचारायच्या, 'माहेरी हाक काय मारतात तुला?' बबी, ठकू, छबी, सोनकी... जे असेल ते. पुढे त्या दवाखान्यात तिला तेच नाव. बाकावरची बाई आत बोलवायची तर वहिनी स्वतः दारात यायच्या आणि मोकळ्या आवाजात हाक मारायच्या, 'सोनके, ये गं!' त्यांचं स्वतःचं नाव आमच्या आईनं लग्नात ताटातल्या तांदळावर लिहून बदललं होतं, ते त्यांना कायम खुपायचं. मला म्हणायच्या, 'वन्सं, सासरच्या नावाला बाई उत्तरं देते. माहेरच्या हाकेला ती बोलते.' आणि ते खरं होतं. महिनोन्‌महिने तोंड न उघडलेल्या बायका त्या हाकेसरशी बोलायला लागलेल्या मी पाहिल्या आहेत.

अशीच एक होती. तिच्या माहेरच्या हाकेच्या जागी मी इथं चिंगी म्हणेन. खुलताबादकडची मुलगी, वैजापूरच्या बाजूला मोठ्या शेतीवाल्या घरात दिलेली. मुलगा झाला आणि पंधरवड्यात तिची झोप उडाली. बाळ माझं नाही, बदललंय, असं म्हणायला लागली. सासरच्यांनी लिंबू उतरवलं, धूर दिला, शेवटी खोलीला बाहेरून कडी घातली. त्यानंही भागेना, तेव्हा नवरा तिला घेऊन आला. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री, बोलणं अदबीचं. 'म्याडम, औषध द्या नायतर नका देऊ. डोकं कामातून गेलंय एवढं लिहून द्या.' त्याला दुसरं लग्न करायचं होतं. वहिनींनी औषध दिलं, लिहून काही दिलं नाही. बाळंतपणानंतर असं होतं आणि ते उतरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते उतरलंही. थोड्याच दिवसांत चिंगी दर बुधवारी नवऱ्याबरोबर, बाळाला छातीशी धरून जिना चढायला लागली.

आणि बरी झाली तशी ती बोलायला लागली. एका बुधवारी सहज सांगावं तसं तिनं सांगितलं, 'घरात रोज कुणी ना कुणी म्हणतंय, इहिरीकडं जाऊ नको, पाय घसरल. शेजारच्यांच्या समोर म्हणत्यात, लई मोठ्यानं.' घरच्यांना आपली काळजी आहे, असं तिला वाटत होतं. वहिनींनी मात्र ओळखलं. उद्या काही झालं तर 'आम्ही तर बजावत होतो' म्हणायची ती तयारी होती. त्यांनी तिच्या वडिलांना, अप्पांना, बोलावून घेतलं आणि पुढच्या बुधवारी, नवरा बाहेर बाकावर बसलेला असताना, चिंगीला बाळासकट मागच्या जिन्यानं माझ्या घरी पोचवलं. माहेरी ठेवायची सोय नव्हती. 'माझ्या घरी ते आधी हुडकतील,' असं तिचे वडीलच म्हणाले.

त्यानंतर तो नवरा रोज यायचा. भांडला नाही, ओरडला नाही. बाकावर बसून राहायचा. कुणी विचारलं तर 'बसलोय नुसता,' म्हणायचा. त्याला बघून दुसऱ्या बायका अर्ध्या जिन्यातून परत फिरायला लागल्या. चौकीवर सांगून पाहिलं, तर बाकावर बसणं हा गुन्हा होत नाही, असं उत्तर मिळालं. मग एक दिवस तो यायचा थांबला. आम्हाला वाटलं, दमला. आम्ही किती भाबड्या होतो!

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात फोन आला. तरुण आवाज. 'खुलताबादहून बोलतोय. चिंगीचा चुलतभाऊ. अप्पा पडलेत, लई शिरेस हायत, तिला घ्यायला आलोय. कुठं येऊ?' वहिनी कुणाला ठावठिकाणा सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. पण तो 'चिंगी' म्हणाला. सासरी ते नाव कुणाला माहीत नाही, असं तिनंच सांगितलं होतं. वहिनींनी माझा पत्ता दिला. मी कॉलेजातल्या नोकरीवरून परतले तर दाराला कडी आणि दोरीवर वाळत घातलेले बाळाचे लंगोट. शेजारणीनं पाहिलं होतं. जीपमधल्या माणसांनी आधी बाळ आत घेतलं आणि मग तिला म्हणाले, बस. ती बसली.

संध्याकाळी वहिनी आल्या. मी विचारलं, 'पण त्यांना ते नाव कुणी सांगितलं?'

'मी,' त्या म्हणाल्या. 'दर बुधवारी. दारात उभी राहून.'

बाई आपल्या सासरी गेली, यात लिहून काय घ्यायचं, असं चौकीवर पुन्हा ऐकून घेतलं. वहिनी दोनदा त्या गावी गेल्या. दोन्ही वेळा ओसरीवर चहा मिळाला, चिंगी दिसली नाही. त्या दिवसांत त्या जेवायच्या नाहीत. दवाखाना मात्र एकही दिवस बंद ठेवला नाही. बदललं ते एवढंच, की दारातून हाक मारणं सुटलं. बाकापर्यंत चालत जायच्या, बाईच्या खांद्यावर हात ठेवायच्या, आत आणून दार लावायच्या आणि मग तिचं नाव घ्यायच्या, तेही हळू.

उन्हाळ्याच्या तोंडाला चिंगी एकटीच जिना चढून आली. पायात चप्पल नव्हती. 'इतके दिवस जाऊ नको म्हणत व्हते,' ती म्हणाली. 'आज सासू म्हणाली, इहिरीवर जा, धुणं घेऊन जा. मी धुणं तिथंच टाकलं अन् रस्त्यानं मिळंल त्या गाडीत बसून आले.' बाळ सासूच्या मांडीवर होतं, मागितलं असतं तर तिला बाहेरच पडू दिलं नसतं. वहिनींनी तिला पाणी पाजलं, स्वतःच्या चपला दिल्या आणि दुपारच्याच एसटीनं दुसऱ्या जिल्ह्यात धाडलं. तिथं ती राहिली, शिकली, स्वतःच्या पायावर उभी राहिली. सासरच्यांनी ती वेडाच्या भरात निघून गेली असं गावाला सांगितलं आणि नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. तिचा पत्ता वहिनींना माहीत होता आणि मला. कोर्टात जाऊन मूल मागायचं तिनं कधी मनावर घेतलं नाही. आपण जिवंत आहोत हे त्यांना कळू नये, एवढंच तिला हवं होतं. दर रविवारी ती दवाखान्यात फोन करायची आणि ठेवताना विचारायची, 'माझं कुणी आलतं का?' वहिनी म्हणायच्या, 'नाही गं.' ते खरंच असायचं. इतकी वर्षं ते खरं राहिलं, याचंच मला आता नवल वाटतं.

गेल्या रविवारी मी दवाखाना आवरायला गेले होते. पेपरात बातमी वाचून आलो, असं म्हणत एक तरुण वर आला. उंच, नीटनेटका. त्यानं आपलं गाव सांगितलं आणि मी हातातलं फडकं खाली ठेवलं. 'मला पत्ता नको,' तो म्हणाला. 'माझी आई जिवंत हाय का, एवढंच सांगा. ती येडी नव्हती ना?' त्याचे डोळे भरलेले होते. ते खोटे नव्हते, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. ती वेडी नव्हती, हे मी त्याला सांगितलं. बाकी मला काही माहीत नाही, म्हणाले. त्यानं वाकून नमस्कार केला, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, 'कंच्या गावाला गेली असल... अंदाजानं?'

मी मान हलवली. तो उतरल्यावर खिडकीशी गेले. समोर एक गाडी उभी होती. तिला टेकून एक म्हातारा होत आलेला माणूस, पांढऱ्याशुभ्र शर्टात, वर बघत होता. मुलगा काहीतरी बोलला, मग दोघं गाडीत बसले आणि गाडी तिथंच उभी राहिली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, रविवारचा, चिंगीचा. वहिनी गेल्याचं तिला मी आधीच कळवलं होतं, तरी ती पुन्हा रडली, मीही रडले. मग ठेवता ठेवता नेहमीचा प्रश्न आला.

'माझं कुणी आलतं का, ताई?'

माझ्यानं नाही म्हणवलं नाही. 'आला होता,' मी म्हणाले. 'चांगला उंच झालाय. तू वेडी नव्हतीस ना, हे विचारायला आला होता.'

खाली गाडी अजून तिथंच उभी होती. मग ती अगदी हळू म्हणाली, 'एकटा आलता का?'