तिची गाडी, आमचा कार्ब्युरेटर

त्या काळी बालीगंजात आमची मराठी बिऱ्हाडं मोजकीच होती, आणि त्यांतल्या एकाच बाईकडे नवी कोरी गाडी होती. ती बाई मी नव्हते, हे मला रोज सकाळी नव्याने आठवायचं. ती आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायची. जन्म कलकत्त्याचाच, नवऱ्याचा व्यापार जोरात. तिची गाडी बटण दाबलं की सुरू व्हायची.

गाडी तशी आमचीही होती, बरं का. स्वातंत्र्यानंतर यांच्या कचेरीतला एक इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना विकून गेलेली, लढाईच्या आधीची, काळी, ऐसपैस. इतकी रुबाबदार, की ट्राममधले लोक वळून बघत. पण चौकात थांबली की खोकायची, पेट्रोलचा वास सोडायची आणि मान टाकायची. मग मी आत ताठ बसून राहायचे, आणि नेमकी तिची गाडी शेजारी येऊन थांबायची. "वहिनी, चला ना, सोडते तुम्हाला!" हे ती इतक्या गोड आवाजात म्हणायची, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मिस्त्रीने निदान केलं, कार्ब्युरेटर झिजलाय. एक तर तो पूर्ण उघडून झिजलेले भाग लेथवर नवे करून घ्यायचे. त्याला वेळ लागणार. नाहीतर तो काढून टाकायचा आणि हल्लीच्या गाडीचा नवा, थोडी कापाकापी करून बसवायचा. हे काम झटपट. यांचं मत ठाम होतं. मूळचा पितळी कार्ब्युरेटर म्हणजे गाडीचा जीव, तो बदलायचा नाही. मी म्हटलं, "अहो, जीव आहे म्हणता, मग ती दर चौकात मरते कशी?"

मला घाई होती. चैत्रगौरीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. बायका शहरभर विखुरलेल्या, कुणी भवानीपूरला, एक तर थेट फोर्ट विल्यमला. तेव्हा जिच्या घरी हळदीकुंकू तिने सगळ्यांना आणायची सोय करायची, अशी रीत पडली होती. सोय म्हणजे दरवर्षी तिची गाडी. माझ्या घरी येणाऱ्या बायकासुद्धा तिच्या गाडीतून उतरायच्या आणि आधी तिचे आभार मानायच्या. यंदा मी सगळ्यांना सांगून बसले होते, की न्यायला माझी गाडी येईल.

नव्यासाठी मी यांना जवळजवळ राजी केलं होतं. तेवढ्यात ती बाजारात भेटली. "नवाच बसवा, वहिनी. आमच्या यांच्या ओळखीचं दुकान आहे, उद्याच पाठवून देते." झालं! तिच्या घरून आलेल्या वस्तूवर माझी गाडी चालणार? घरी येऊन मी यांना म्हटलं, "जुनाच दुरुस्त करा. मूळची चीज ती मूळची." यांचे डोळे भरून यायचेच काय ते बाकी राहिले. बायकोला यंत्रातलं कळू लागलं असं त्यांना वाटलं, आणि मी वाटू दिलं.

मिस्त्रीने काम चोख केलं. आपल्या हाताने बसवायची हौस म्हणून यांनी सुटे भाग घरी आणले आणि गॅलरीत पाटावर मांडून कचेरीला गेले. तिथेच गौरीचा पितळी झोपाळा, समया आणि तबकं घासायला काढली होती. पुण्याहून आलेल्या सासूबाई घासायला बसल्या. पितळ दिसलं की ते काळं राहू द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. चिंच आणि राख लावून त्यांनी कार्ब्युरेटरही असा लखलखीत केला, की संध्याकाळी हे बघतच राहिले. "आई, अगदी सोन्यासारखा केलास गं!" म्हणत त्यांनी तो बसवला. गाडी सुरू झाली. मी देवापुढे साखर ठेवली. पेट्रोल यायच्या बारीक भोकांत राख बसली असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी हे ऐटीत निघाले. आंब्याची डाळ झाकून, पन्ह्याचे पेले मांडून, ओटीचे हरभरे निथळून मी वाट बघत बसले. कुणी येईना. पन्हं कोमट झालं. शेवटी जिन्यात बायकांचा गलका ऐकू आला. मी दाराशी धावले, तर सगळ्यांच्या मागे ती. आमची गाडी गल्लीच्या तोंडाशीच बंद पडली होती. बॉनेट उघडून उभे असलेले हे तिला दिसले. कुणाकुणाला आणायचंय ते तिने विचारून घेतलं आणि फेऱ्या मारून एकेकीला आणलं.

आता ही सगळ्यांत रंगवून सांगणार, असं मला वाटलं. पण तिने गौरीची आरास बघितली, डाळ दोनदा मागून घेतली. गाडीचा शब्द नाही. तोवर यांनी बोटाला लागलेली राख आईला आणून दाखवली होती, आणि सासूबाईंनीच तो प्रकार सगळ्यांना सांगितला. बायका पोट धरून हसल्या. मी फक्त तिच्याकडे बघत होते. हस, मी मनात म्हणत होते, एकदा तरी हस, म्हणजे तुझा राग करायला मला काहीतरी मिळेल. ती हसली नाही. सासूबाईंची चिंचेने काळवंडलेली बोटं हातात घेऊन म्हणाली, "किती दमलात हो तुम्ही."

मी तिला कुंकू लावलं, ओटीत हरभरे घातले. तिच्या गाडीचा मत्सर माझ्या अंगवळणी पडला होता. आता तिच्या चांगुलपणाचाही करावा लागणार होता, आणि तो जास्त जाळत होता. सगळ्यांना घेऊन ती खाली गेली. मी गॅलरीत गेले नाही, तरी ऐकू आलंच. तिची गाडी एका झटक्यात सुरू झाली.