दुःखाच्या घरी आमची पेटी

दुसऱ्याच्या दुःखात जाऊन बसणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. तिथे हसता येत नाही, आणि घरी आल्यावर सांगायला मला आता कोणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय.

आमच्या भायखळ्याच्या मराठी चर्चमधलं कोणी वारलं की त्या घरी संध्याकाळी सांत्वनाची प्रार्थना असते. जाणारे आम्ही तिघं: पाळकसाहेब, रिटायर्ड नर्स एस्तेरबाई आणि पेटी वाजवणारा मी. दोन गीतं, वचन, मग आळीपाळीने प्रत्येकाची प्रार्थना. माझी बायको रूथ गेल्यापासून माझ्या पाळीला तोंडच उघडत नाही. पाळकसाहेब थोडं थांबतात आणि स्वतःच "आमेन" म्हणून टाकतात.

एस्तेरबाईंच्या प्रार्थनेला शेवट नसतो. माझगावला एकदा त्या मयताच्या घरापासून सुरू झाल्या आणि जगभरच्या आजाऱ्यांपर्यंत पोचल्या. आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. शेवटी, ज्याचे वडील गेले होते तो मुलगाच हळूच म्हणाला, "बाई, बाकीचं प्रभूला माहीत आहे. भात करपेल."

मयतानंतर ते घर पहिल्यांदा हसलं.

पाळकसाहेबांची तऱ्हा वेगळी. "प्रभूने बोलावून घेतलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका बाईने शांतपणे विचारलं, "साहेब, मी त्यांना दळण आणायला पाठवलं होतं. प्रभूला तेवढी कळ काढवली नाही?"

पाळकसाहेब जागेवरून उठले. मग गिरणी कुठे आहे ते विचारून घेतलं आणि स्वतः जाऊन दळण घेऊन आले. ते वाक्य मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

मलाही सांत्वन करणारे भेटतातच. चर्चमधले एक काका दर रविवारी माझा खांदा थोपटतात, "वर भेट होणारच आहे." होईल हो. पण सकाळचा चहा खाली एकट्याने प्यावा लागतो, त्याचं काय? मला राग येतो. देवाचाही येतो. तरी जातो, कारण घरी बसलं की जास्त येतो.

आणि परळची चाळ. जायचं होतं तिसऱ्या मजल्यावर, चढताना मजले मोजायला चुकलो आणि आम्ही दुसऱ्यावरच शिरलो. दाराबाहेर चपला, आत हार घातलेला बाईचा फोटो. मयताचं घर आहेच म्हणून बसलो, पेटी काढली. दोन गीतं झाल्यावर एस्तेरबाईंना कोपऱ्यातला गणपती दिसला.

पाळकसाहेब घाईने उठले. घरातले आजोबा, मालवणकडचे जुने गिरणी कामगार, म्हणाले, "बसा ओ. माझ्या म्हातारीसाठी इतको वेळ डोळे मिटून कोण बसाक नाय. पुरा करा."

वर खरं घर वाट बघत होतं. तरी बसलो. दोघांच्या प्रार्थना झाल्या, माझी पाळी आली. मी गप्प.

"हे का बोलत नाय?" आजोबांनी विचारलं.

"पत्नी गेली त्यांची," पाळकसाहेब म्हणाले. "तेव्हापासून प्रार्थना होत नाही त्यांच्याकडून."

आजोबा भिंतीला धरून उभे राहिले, हात जोडले आणि कोकणात देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालायला लागले. गाऱ्हाण्यात एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, एवढं मुंबईत सगळ्यांना ठाऊक असतं.

"बा येशू म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची घरकारीण गेली हा. माझीय गेली हा. त्या दोघींका तुझ्या पायाकडे एका जाग्यार ठेव रे म्हाराजा."

पाळकसाहेब गप्प. एस्तेरबाई, कधी नव्हे त्या, गप्प.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.